खलीलभाईंनी सिगरेट सोडली त्याची गोष्ट

खालापुरात खलीलभाईंचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, पण लोक त्यांना ओळखायचे ते आवाजावरून. थंडीत गावोगावी टेनिस बॉलचे सामने लागले की मंडपातला समालोचनाचा माइक त्यांच्याच हातात. ओव्हर संपली रे संपली की मंडपामागे जाऊन दोन झुरके मारायचे आणि पुन्हा सुरू.

गेल्या वर्षी खोकल्यातून रक्त आलं. तपासण्या झाल्या, फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. लवकर सापडली म्हणून पनवेलच्या डॉक्टर आसावरी ऑपरेशनला तयार झाल्या. अट एकच.

"सिगरेट आजपासून बंद."

"जे व्हायचं ते तर झालंच की! आता सोडून काय मिळणार?" खलीलभाई म्हणाले.

"मी गाठीचा भाग काढणार. तुम्हाला जगायचंय ते उरलेल्या फुफ्फुसावर. ओढत राहिलात तर न्यूमोनियाची भीती, जखम भरायला उशीर, आणि आजार परत यायचा धोकाही जास्त. आता सोडलीत तरी फायदा आहे."

खलीलभाईंनी मान डोलावली. डॉक्टरांनी तलफेसाठी निकोटीनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या खिशात ठेवून पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी दुकानामागे धूर काढताना सापडला.

बायको बिलकिस रविवारी कुंभिवलीच्या मैदानावर गेली, आयोजकांना विचारून माइक घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांचं ऑपरेशन हाय. ह्यांना कोणी सिगरेट दिली, तर मी त्याच्या घरी येऊन बसेन. जेवायलासुद्धा उठणार नाय!"

मैदान खो खो हसलं. सामना मोबाइलवर लाइव्ह चालला होता, तेव्हा तालुकाभर बातमी झाली.

खालापुरात कोणी सिगरेट देईना, तसे खलीलभाई स्कूटरवरून रसायनीला पोचले. तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी. टपरीवाल्याला हळूच म्हणाले, "एक सिगरेट."

टपरीवाला उडालाच. "खलीलभाई! आवाज कुठं लपतो व्हय? माफ करा, तुमची बायको घरी आली तर माझी बायको निघून जाईल."

त्याने चहा पाजला. खलीलभाईंनी एक गोळी तोंडात टाकली, शिव्या घातल्या, मग हसू आलं. तिथून पुढे तलफ आली की गोळी चघळायची आणि बिलकिसशी भांडायचं. ती भांडणाला कधी कंटाळली नाही.

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डात श्वास ओढून प्लास्टिकच्या नळ्यांमधले गोळे वर उचलायचा व्यायाम होता. खलीलभाई टाके धरून कण्हायचे आणि तरीही बोलायचे, "पहिला गोळा वर... दुसरा डगमगतोय... अरे, गेला!" शेजारच्या खाटेवरचे मालोजी पोट धरून हसले, तेव्हा नर्सने दोघांनाही दटावलं. पण छातीत साचलेला कफ सुटला. डॉक्टर म्हणाल्या, "सिगरेट चालू असती, तर एवढ्या लवकर घरी सोडलं नसतं." नंतरच्या तपासण्याही चांगल्या आल्या. डॉक्टरांनी येत राहायला मात्र बजावलं.

या थंडीत खलीलभाई पुन्हा मंडपात बसले. दम पूर्वीचा राहिला नव्हता. एका फलंदाजाने उंच फटका मारला. "चेंडू हवेत... आणि..." म्हणताना त्यांचा श्वास तुटला. मैदान श्वास रोखून थांबलं. लोकांना वाटलं, भाई मुद्दाम ताणतायत. खलीलभाईंनी दम घेतला, आणि सावकाश म्हणाले, "झेलबाद."

टाळ्या पडल्या. फलंदाज तेवढा चिडला.