हस्तिदंती पायरी

तंजावूरच्या साउथ मेन स्ट्रीटवर सुरेंद्ररावांचं टाइल्सचं दुकान होतं. घर बांधणारे लोक पडद्याचा तुकडा किंवा दाराच्या लाकडाचा नमुना घेऊन येत, आणि सुरेंद्रराव त्याला शोभेल अशी पोर्सेलिनची टाइल काढून देत.

१९९७ साली त्यांनी स्वतःच्या घरातली तांबड्या सिमेंटची जमीन उखडली. भिंती, पडदे, फरशी, सगळं हस्तिदंती केलं. हॉलमधून स्वयंपाकघरात उतरणारी पायरीसुद्धा.

त्यांच्या पत्नी भुवना यांची नजर मधुमेहाने अधू झाली होती. तांबड्या पायरीच्या कडेला त्या रोज सकाळी तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे रांगोळी, काढत आणि दिवसभर त्या पांढऱ्या रेघेच्या आधाराने पाय टाकत. नव्या टाइलवर ती रेघ दिसेना.

"अहो, पायरी कुठं गेली?"

"कुठं काही तुटक दिसत नाही, हीच तर माझी कला," सुरेंद्रराव हसत म्हणाले. "गिऱ्हाइकं खूष होतात."

"मग गिऱ्हाइकांनाच स्वयंपाकाला बोलवा."

त्याच आठवड्यात त्या तिथं पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा चालल्या नाहीत.

सुरेंद्ररावांनी पायरीवर तांबडी टाइल बसवून घेतली आणि खाटेशी येऊन सांगितलं, "आता तुला लांबूनही दिसेल."

"दिसेल हो. पण मला तिथवर नेणार कोण?"

गॅसवर सार उकळत होतं, ते उतरवायला सुरेंद्रराव आत गेले.