अर्ध्या मीटरची टोरगुन

मुलीनं स्कीवरून साठ मीटर उडी मारली, तर तिचं नेमकं काय मोडतं, सांगता येईल तुम्हाला? आमच्या खोऱ्यातल्या डॉक्टरला यायचं. म्हणायचा, गर्भाशय हलतं. उताराच्या कडेला, गरम सरबताचा पेला हातात धरून, दोन पोरींच्या आईबापांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा. आणि माणसं स्वतःच्या बुटांकडे बघत मान डोलवायची. पोरगा पडून खांदा मोडून घेई तेव्हा हाच डॉक्टर त्याला शाबासकी द्यायचा. असली अक्कल. पण मी सांगणार आहे ते डॉक्टरबद्दल नाही. दुसऱ्यांनी केलेला अन्याय सांगायला सोपा असतो, घसा आपोआप मोकळा होतो.

त्या दोन पोरी म्हणजे टोरगुन आणि सिन्नेवे. टोरगुन नदीच्या अलीकडची, लाकूडगिरणीतल्या हाल्वरची मुलगी. सिन्नेवे पलीकडची, तिची आई डेअरीत. टोरगुन चार वर्षांची असताना हाल्वरनं गोठ्यामागं फावड्यानं बर्फाचा एक उंचवटा थापून दिला, त्यावरून ती थोरल्या भावाच्या जुन्या स्की बांधून दिवसभर धपाधप पडायची. सातव्या वर्षी गावातला छोटा उतार, नवव्या वर्षी मधला. दहाव्या वर्षी उडीचा मोठा मनोरा, जिन्यानं वर चढायचं आणि घसरत येऊन उडायचं.

मोठ्या मनोऱ्यावर पहिल्या दिवशी ती माथ्यावरच्या बाकावर बसली, खाली बघितलं, आणि पायच उठेनात. आमच्याकडे पडण्याला कुणी हसत नाही. पडणारा माणूस निदान खाली तरी उताराच्याच वाटेनं येतो. पण खांद्यावर स्की टाकून जिन्यानं परत उतरणं, त्यापेक्षा मेलेलं बरं. टोरगुन उतरली. मान खाली घालून एकेक पायरी. मागून बूट वाजले म्हणून वळून बघते तर सिन्नेवे, स्की खांद्यावर.

"तू का उतरतेस?"

"मला मुतायला लागलीये."

"खोटं बोलतेस."

"मग काय सगळ्यांसमोर लिहून देऊ? चल खाली. दोघींना मिळून चिडवतील, वाटून येईल."

खाली पोरांनी चिडवलंच. अख्खा हिवाळा 'जिनेवाल्या' म्हणून हाक मारली. दुसऱ्या आठवड्यात दोघींनी उडी मारली तरी नाव गेलं नाही. सिन्नेवेला भीती वाटलेलीच नव्हती, हे टोरगुनला तेव्हाही कळत होतं.

बाराव्या वर्षानंतर मुलींची नावं स्पर्धेच्या यादीतून गेली. कुणी भांडलं नाही, कुणी हाकललं नाही; यादी टंकून आली त्यात नावं नव्हती, बस. दोघींना काम मिळालं, आधी उडी मारायचं. स्पर्धा सुरू होण्याआधी घसरणीवरचा ताजा बर्फ कुणीतरी घासून काढावा लागतो, वारा कसा आहे ते कुणाच्या तरी अंगावर बघावं लागतं. ट्रॅक साफ करायला पोरी, बक्षीस घ्यायला पोरं. स्पर्धेआधीच्या या उड्या कुणी मोजत नाही. चार हिवाळे या पोरी गावातल्या पोरांपेक्षा लांब उडल्या, आणि कागदावर एक आकडा नाही.

मोजणारा होता हाल्वर. म्हणजे मोजणारे आठ होते, उताराच्या कडेला आकड्यांच्या फळ्यांजवळ ओळीनं उभे, प्रत्येकाकडे आपापले तीन-चार मीटर. पण गावात 'डोळा' म्हटलं की हाल्वरच. उडी टेकते तेव्हा एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, असंच टेकायचं, नाहीतर पंच गुण कापतात. आणि माप धरायचं दोन पावलांच्या मधोमध. पुढच्या पावलाचं नाही, मागच्याचंही नाही. डोळ्याचं पातं लवेल तेवढ्या वेळात मध्य पकडायचा, हात वर करायचा, आकडा ओरडायचा. वीस वर्षांत हाल्वरचा हात वर गेला आणि कुणी शंका घेतली, असं झालं नव्हतं. गावाला त्या हाताचा अभिमान होता. टोरगुनला तर होताच.

ती सोळा वर्षांची असताना जिल्ह्यानं पहिल्यांदा मुलींसाठी स्पर्धा ठेवली. आमच्या स्की क्लबाला एक जागा. एकच. निवड आमच्याच उतारावर, फेब्रुवारीतल्या रविवारी, दोन-दोन उड्या.

पहिल्या उडीत सिन्नेवे केसभर पुढे. दुसरीत ती साठ मीटरवर टेकली. हिशोब सरळ होता. टोरगुनला साडेसाठ मिळाले तर टोरगुन, साठ मिळाले तर सिन्नेवे.

टोरगुनची उडी शेवटची. चांगली उडी होती, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. घसरणीच्या टोकावरून नेमकी सुटली, वाऱ्यावर पडून राहिली, आणि शेवटी हावरेपणानं पुढचा पाय लांबवला. टेकली. वर साठच्या फळीजवळ हाल्वरचा हात गेला.

"साडेसाठ," तो ओरडला.

खाली टाळ्या पडल्या. टोरगुननं वळून वर बघितलं. बाप तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या झाडांकडे बघत होता.

आमच्या क्लबात दोन रीती आहेत. एक, मापावर शंका असेल तर खूण बर्फात आहे तोवर बोलायचं. खूण गेली की आकडा पक्का. दुसरी, फेरी संपली की उतार तुडवायचा. स्की आडव्या धरून, एकेक पाऊल टाकत, सगळ्यांनी मिळून बर्फ दाबून सपाट करायचा, म्हणजे पुढच्या फेरीतलं कुणी खड्ड्यात अडकून मरणार नाही. शेवटच्या उडीवाल्यानं तुडवायला जायचंच असं काही नाही. पण गेला तर लोक म्हणतात, संस्कार आहेत पोरात.

टोरगुन गेली. धावतच गेली म्हणा. कडेनं चढून साठच्या फळीपाशी पोचली, तिथं दोन्ही पावलांच्या खुणा स्वच्छ होत्या. पुढची साडेसाठवर. मागची तिच्याहून मीटरभर वर. मधोमध म्हणजे साठ. आंधळ्यालाही साठ.

खालून सिन्नेवे चढत येत होती, स्की काढून, बूट बर्फात रुतवत, नजर थेट त्या खुणांवर.

आणि टोरगुननं स्की आडव्या केल्या आणि खुणेवर पाय दिला. एकदा. मग दुसऱ्यांदा, मागच्या खुणेवर. मग तिसऱ्यांदा, उगीचच.

"इतक्यात तुडवायला लागलीस?" सिन्नेवे येऊन थांबली. धाप लागली होती तिला.

"मुलांची फेरी आहे ना आता. खड्डा राहायला नको."

"किती झाले?"

"साडेसाठ. बाबांनी हात केला की."

"हात दिसला मला," सिन्नेवे म्हणाली. मग तिनंही खांद्यावरच्या स्की खाली टाकल्या, पायात चढवल्या आणि तिच्या शेजारी उभी राहून उतार तुडवायला लागली. दोघी मिळून पार खालपर्यंत तुडवत आल्या. खुणेपासून तीन पावलांवर हाल्वर उभा होता, त्यानं हे सगळं बघितलं होतं.

गाडीत टोरगुननं विचारलं, "बाबा, मधोमध धरलंत ना?"

"पट्टा बांध," हाल्वर म्हणाला.

पुढची गोष्ट वरवर बघितली तर कौतुकाचीच आहे. टोरगुन जिल्ह्याला गेली, तिसरी आली. मग प्रांताच्या संघात, मग आठ वर्षं परदेशांतल्या उतारांवर. फार मोठं नाव नाही झालं, पण पोट भरून उडली. कुठल्याही उतारावर टेकली की आधी मागच्या पायाकडे बघायची. प्रशिक्षक ओरडायचा, "मागे काय बघतेस, शेपूट राहिलं का?" सिन्नेवेनं त्या वसंतातच स्की विकल्या. आज ती शाळेची बस चालवते. हाल्वरनं पुढच्या हिवाळ्यात गुडघ्याचं निमित्त काढून मोजणं सोडलं. त्याचे गुडघे ठणठणीत होते. आजही लाकडं तोच फोडतो.

गेल्या वर्षी क्लबाला पंचाहत्तर वर्षं झाली. अध्यक्ष आस्मुंडनं ठरवलं, उतारापाशी फलक लावायचा: जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरलेली गावातली पहिली मुलगी, टोरगुन. वार्षिक सभेत विषय निघाला. वाफल, तपकिरी चीज, कॉफी. पंचेचाळीस माणसं. एकोणऐंशी वर्षांचा हाल्वर पहिल्या रांगेत, सिन्नेवे किटली घेऊन कॉफी ओतत फिरत होती.

टोरगुन उभी राहिली. आठ दिवस तिनं वाक्य घोटलं होतं. माझी उडी साठ होती, आणि खूण मी तुडवली. एवढंच.

"त्या दिवशी माप चुकलं," ती म्हणाली. "माझी उडी साठ होती."

आस्मुंड हसला. "अगं, पंचवीस-तीस वर्षं झाली. वारा होता, बर्फ होता. बस खाली, वाफल गार होतंय."

"वारा नव्हता, आस्मुंडकाका. हात चुकला."

आता सगळ्यांच्या माना हाल्वरकडे वळल्या. म्हातारा टेबलाला धरून उठला. "चुकला नाही," तो म्हणाला. "मी पुढचा पाय धरला. जाणून धरला. चार वर्षं माझ्या मुलीची एक उडी कुणी मोजली नाही, मला वाटलं, एकदा तरी... मीच केलं. तिला काही माहीत नव्हतं."

क्लबावरचा राग सिन्नेवेवर, वड्याचं तेल वांग्यावर काढलं त्यानं, खरं आहे. पण शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि तिच्यासाठी बोललं होतं. टोरगुन अजून उभीच होती. तोंड उघडायला तिला भरपूर वेळ होता, मी घड्याळाखालीच बसले होते. सिन्नेवे किटली धरून थांबली आणि टोरगुनच्या पायांकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे.

टोरगुन खाली बसली.

फलकावर आता दोन नावं आहेत, टोरगुनचं आणि सिन्नेवेचं. टोरगुनला लोक म्हणतात, केवढं मन मोठं, स्वतःहून सांगितलं. हाल्वरशी दुकानात कुणी बोलत नाही. सहकारी भांडारात बटाटे निवडताना परवा कुणीतरी म्हणालं, "वजन नीट बघ रे, डोळा आलाय." त्यानं ऐकलं, बटाटे पिशवीत भरले.

हे सगळं मला टोरगुननंच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, कोट न काढता. मी भडकले. म्हटलं, मला काय सांगतेस, भांडारात जाऊन सांग. ती म्हणाली, "जाते गं रोज. पाव घेते आणि येते. कुणी विचारत नाही."

तर तुम्ही विचारा. मंगळवारी आणि गुरुवारी साडेपाचला ती उतारावर असते, पोरींना शिकवते. पोरी घरी जाऊ देत, त्यांच्यासमोर नको. मग जवळ जा आणि सरळ विचारा: टोरगुन, खूण कुणी तुडवली? आणि ती बोलेपर्यंत तिथून हलू नका.