येळवशीची पहिली पंगत

शेषेरावांच्या घरात कुणी कुणाआधी जेवायचं, हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. ठरवलेलं असतं, तर ते कुणाला तरी मोडता आलं असतं. आधी पाहुणे, मग घरातले पुरुष, मग लेकरं, मग गडी; त्यानंतर सासू, मोठी जाऊ आणि शेवटी धाकटी सून. साखराबाई ही धाकटी सून. लग्न होऊन देवणीजवळच्या या गावात आल्या तेव्हा सासूने त्यांना हे सांगितलं नाही. नुसतं त्यांचं पान बाजूला ठेवलं. पुढे सासू वारली. मोठे दीर भागवतराव बायकोला घेऊन उदगीरला राहायला गेले. मुलगा सर्वेश शिकून लातूरला नोकरीला लागला. घरात दोघंच उरली, तरीही शेषेरावांनी आचवून बैठकीत जाऊन सुपारी कातरायला घेतल्याशिवाय साखराबाईंचा हात भाकरीला लागत नसे. माणसं कमी झाली. क्रम मात्र तसाच राहिला.

शेषेराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी बायकोवर कधी हात उगारला नाही की बाजारातून येताना पिशवी रिकामी आणली नाही. गाय पाणी प्याली का, हे ते रोज विचारत. बायको जेवली का, हे विचारायचं त्यांना सुचत नसे. ती जेवतच असणार. अन्याय करायला दुष्ट माणूस लागतोच असं नाही. तो सवयीच्या अंगानं चालतो आणि चांगल्या माणसांच्या घरात निर्धास्त नांदतो.

साखराबाईंनी या शेवटच्या पानावर आपलं एक शहाणपण उभं केलं होतं. वांग्याचं कालवण थांबलं की मुरतं. गार भाकरीला दुधात चव येते. वरणावर साय धरली की ते पोटाला हलकं पडतं. ही सगळी वाक्यं त्यांनी स्वतःला इतक्या वेळा ऐकवली होती, की त्यांना ती खरीच वाटत. काही अंशी ती खरीही होती. जे उरतं तेच आवडतं असं ठरवून टाकणं, ही जगण्याची एक रीत असते.

ही रीत मोडली ती लातूरला, सुनेच्या स्वयंपाकघरात. अपूर्वा तिथे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिच्या बाळंतपणाला साखराबाई गेल्या आणि बाळ मान धरेपर्यंत राहिल्या. अपूर्वा उठून कामाला लागली तेव्हा एका संध्याकाळी तिने सॅलड केलं. पेरूच्या आणि काकडीच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, कांदा, कोथिंबीर. वर लिंबू, मीठ, मिरपूड. पनीरचे तुकडे थोड्या तेलात दोन्ही अंगांनी लालसर तळून तिने ते तसेच चर्रचर्र वाजत फोडींवर टाकले आणि सगळ्यांची ताटं भरली. साखराबाईंनी आपलं ताट उचललं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात सारून ठेवलं. भाकरीची टोपली जशी झाकतात तसं. सर्वेश जेवला, अपूर्वा जेवली, बाळ झोपलं. मग त्यांनी ते उघडलं. काकडीनं पाणी सोडलं होतं, पेरू काळवंडला होता, पनीर चपलेच्या पट्ट्यासारखं चिवट झालं होतं. त्यांनी ते मुकाट्यानं चावून चावून संपवलं आणि बरं झालंय म्हणाल्या.

अपूर्वाने ते पाहिलं होतं. दोन दिवसांनी तिने पुन्हा तेच केलं आणि या वेळी ताट हातात देऊन समोर उभी राहिली. “आई, हे झाकून ठेवायचं नसतं. हे आत्ता खायचं असतं.”

साखराबाईंनी सर्वेशकडे पाहिलं. त्याच्यापुढे अजून ताट आलेलं नव्हतं. मग त्यांनी एक तुकडा उचलला. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, जीभ भाजणारा. त्यामागून पेरूचा गारवा आणि डाळिंबाचा आंबटगोड रस. साखराबाई दुसऱ्या तुकड्यापाशी थांबल्या. चव नवी होती, पण त्यांना थांबवलं ते चवीनं नव्हे. नैवेद्याआधी चाखायचं नाही, पुरुषांआधी खायचं नाही, म्हणून आयुष्यभर स्वतःच्या हातांनी केलेलं अन्न त्याच्या ऐन वेळेला कसं लागतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पुरणपोळी तव्यावरून उतरताना कशी लागत असेल? त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. राग कुणावर, ते त्या वेळी ठरेना.

गावी परतल्यावर त्यांनी घरच्या देवणी गायीचं दूध लिंबू पिळून फाडलं. शेषेराव दारातच थबकले. घरच्या गायीचं दूध आपल्या हातानं नासवायचं नाही आणि ते जाळावर तळायचं नाही, नाहीतर गाय आटते, असं त्यांच्या आईचं सांगणं होतं. साखराबाईंनी फडक्यात बांधलेला गोळा वरवंट्याखाली दाबत सांगितलं की, हे नासवलेलं नाही, केलेलं आहे. दुपारी पनीर तळलं, पेरूवर टाकलं, आणि हात आपोआप चालले: ताट शेषेरावांपुढे गेलं. शेषेरावांना ते आवडलं. त्यांनी आणखी मागितलं. साखराबाईंच्या वाट्याला पुन्हा गार, चिवट तुकडे आले.

त्या दिवशी त्यांना एक गोष्ट नीट कळली. तळताना दोन तुकडे तोंडात टाकले असते तर कुणालाही पत्ता लागला नसता. पण चोरून आधी खाणं म्हणजे शेवटच्या पानाला दिलेली कबुलीच. खायचं तर बसून खायचं, माणसांसमोर खायचं. आणि माणसं येणार होती ती येळवशीला.

मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूरकडे सगळं गाव शेतात काढतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, पिकात ताक-पिठाची आंबील शिंपडत “ओलगे, ओलगे” असा पुकारा करतात आणि मग भाज्या नि ओले दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, भाकरी, पिठाचे उकडलेले उंडे, आंबील असं जेवण होतं. बोलावलेला, न बोलावलेला प्रत्येक जण या दिवशी पाहुणा. पाहुण्यांच्या पंगती उठता उठता उन्हं उतरतात आणि बायका तळाला लागलेली भज्जी खरवडून जेवतात.

आदल्या संध्याकाळी साखराबाईंनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, “उद्या बायांची पंगत आधी बसंल.”

शेषेराव हसले. “अन् पाहुणे काय भज्जीच्या पातेल्याकडं बगत बसतेल?”

“बसतेल की. मी बसलेच ना इतकी वर्षं.”

शेषेरावांना ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. लातूरहून अपूर्वा आली होती; तान्ह्या बाळाला घेऊन सर्वेश गावातल्या घरीच थांबला होता. उदगीरहून भागवतराव दोन मित्रांसह जीपने आले होते, सोबत त्यांची बायको चतुराबाई. शेजारच्या शेतातले तिघं-चौघं होते. पुरुष आंब्याखाली सतरंजीवर ओळीनं बसले. कोपीच्या मागच्या अंगाला तीन दगडांच्या चुलीवर साखराबाईंनी कढई चढवली. विहिरीवरच्या झाडाचे पेरू चिरून झाले होते. अपूर्वा डाळिंब सोलत होती. चतुराबाईंनी बोरांतल्या आठळ्या काढल्या, शेतातले ओले हरभरे सोलून परातीत टाकले. पनीर तेलात पडलं तसा वास आंब्याखाली गेला.

भागवतरावांनी भावाला हाक मारून विचारलं, आज भजी आहेत काय. कुणीतरी सांगितलं की, पनीर तळायलेत. मग बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, “दूध तळून खायलेत म्हणा की. शेषा, आईनं काय सांगितलं होतं रे? गाय आटंल.”

इथे एक सांगायला हवं. साखराबाई या दिरासमोर आजवर कधी थेट बोलल्या नव्हत्या. डोईवर पदर घ्यायचा आणि सांगायचं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. मोठ्या दिराच्या बाबतीत तशीच चाल होती. त्या दिवशीही पदर डोईवर होता. पण त्या झारा हातात घेऊन कोपीच्या पुढे आल्या आणि दिराच्या तोंडाकडे पाहून बोलल्या.

“गाय आटली तर माझी आटंल, भावजी. धार मीच काढते.”

पंगतीत कुणीतरी खोकलं.  भागवतराव धाकट्या भावाकडे पाहून म्हणाले की, पंगत बसली आहे, वाढायला सांग.

“तुमी बसलाव ते दिसायलंय,” साखराबाई म्हणाल्या. “जरा आनखी बसा. भज्जी थांबती, भाकर थांबती. आंबील तर रातभर थांबल्याबिगर आंबतच न्हाई. ह्ये थांबत न्हाई. आमी आधी खाऊन घेतो.”

“कवर थांबायचं मग?” भागवतरावांनी विचारलं.

“आमचं होस्तवर.”

त्या परत फिरल्या. तळलेले तुकडे परातीत फोडींवर पडले, लिंबू पिळलं गेलं, आणि साखराबाईंनी चुलीजवळच फतकल मारून ताटं भरायला घेतली. एक अपूर्वाचं, एक चतुराबाईंचं, एक आपलं. तेव्हा त्यांचं लक्ष बांधाकडे गेलं. इंदू तिथे डबा घेऊन बसली होती. इंदू त्यांच्या शेतात खुरपायला येई. पहाटेपासून तिनेच भज्जीच्या सगळ्या भाज्या निवडल्या होत्या, पाण्याच्या घागरी आणल्या होत्या. बायकांचं झालं की उरलेलं डब्यात भरून ती घरी नेई. इतकी वर्षं साखराबाई आपलं पान शेवटचं समजत आल्या होत्या. त्यांच्या मागेही एक पान होतं आणि ते त्यांनी स्वतःच मागे ठेवलं होतं.

“इंदे, हिकडं ये. डबा ऱ्हाऊ दे तिथंच.”

इंदू हसून म्हणाली, “माझं काय वैनी, मी नंतर...”

“नंतरचं न्हाई उरत ह्ये. ये, बस.”

चतुराबाई किंचित आखडल्या. त्यांच्या शेजारीच जागा होती. त्यांनी इंदूकडे पाहिलं, आंब्याखालच्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि गुडघा जवळ ओढून जागा केली. ही जागा मनापासून होती की आता माघार घ्यायला उशीर झाला म्हणून, हे सांगता येणार नाही. इंदू बसली.

पहिला तुकडा तोंडात गेला तेव्हाच भागवतराव उठले. येळवशीला पाहुणा उपाशी उठला तर ते त्या शेताला लागतं, असं मानतात. त्यांना ते ठाऊक होतं आणि उठण्यामागे तेच बळ होतं. ते कोपीपाशी येऊन बायकोला म्हणाले, “चल गं. निघायचं.”

चतुराबाईंच्या ताटात पेरू होता, हरभरे होते, दोन तुकडे पनीर होतं. त्यातून अजून वाफ निघत होती. या नवऱ्याच्या एका शब्दावर त्या लग्नांतून, बारशांतून, एकदा तर स्वतःच्या भावाच्या घरातून उठून आल्या होत्या. साखराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती आर्जवाची नजर झाली असती, आणि आर्जवानं मिळालेली साथ त्यांना नको होती.

“तुमी व्हा म्होरं,” चतुराबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. “मी जेवून येते.”

भागवतराव बांधावरून जीपकडे निघाले. शेषेराव धावत मागे गेले.  इकडे चौघी जेवत होत्या. इंदूला मिरपूड झोंबली. तिने नाक पुसत विचारलं की, ह्याला म्हणायचं काय. अपूर्वाने सॅलड म्हणून सांगितलं. चतुराबाई म्हणाल्या, नाव ठेवणारे लई हायेत, आधी खा. त्यावर चौघीही हसल्या आणि ते हसणं आंब्याखाली पोचलं.

शेषेराव एकटेच परतले. चेहरा उतरलेला. “दादा गेला. येळवशीला उपाशी गेला.”

“उपाशी कुणी ठेवलं न्हाई त्यांना,” साखराबाई म्हणाल्या. “थांबा म्हणलं होतं.”

 शेषेराव सतरंजीवर जाऊन आपल्या जागी बसले. साखराबाईंनी घाई केली नाही. ताटातला शेवटचा दाणा संपवला, पाणी प्याल्या, हात धुतले आणि भज्जीचं पातेलं उचललं.

वाढताना त्यांना आपल्या हाताचा फरक जाणवला. आजवर त्या पाहुण्याला आग्रह करत तेव्हा एक डोळा पातेल्याच्या तळाकडे असे. आज तो तळाकडे गेला नाही. त्यांनी सगळ्यांना पळीभर जास्तच वाढलं, भागवतरावांच्या दोन्ही मित्रांनाही, कारण ते जीपमध्ये बसायला गेले नव्हते.

संक्रांतीच्या सुमारास उदगीरहून निरोप आला. साखराबाईंनी माफी मागितली तर येणं-जाणं राहील. शेषेरावांनी तो कसनुसं तोंड करून सांगितला. साखराबाई धार काढत होत्या. त्यांनी विचारलं की, माफी नेमकी कशाची, वेळेवर भूक लागली त्याची का. शेषेरावांनी उदगीरला काही कळवलं नाही. घरातलं जेवण त्यानंतर एका वेळी होऊ लागलं. शेषेराव कधी कधी कुरकुरत, पण दोन ताटं समोरासमोर मांडली जात. पंगतीच्या दिवशी इंदू आता बायकांच्या पंगतीत बसू लागली, तिचा डबा घरीच राहू लागला.

पुढच्या येळवशीला भागवतराव आले नाहीत. चतुराबाई एसटीनं आल्या, फाट्यावर उतरून शेतापर्यंत पायी चालत. पिशवीत डाळिंबं होती. त्यांनी ती कोपीच्या सावलीत ठेवली, पदर खोचला आणि चुलीकडे बघून विचारलं, “तेल तापलं का न्हाई अजून?”