चष्म्यावरचा ठसा

बायकोला जाऊन दोन महिने झाले होते. मुलीला शाळेने घरातल्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे जमवायला सांगितले होते. पेन्सिलीची भुकटी आणि चिकटपट्टी वापरून तिने स्वतःचे आणि माझे ठसे वहीत चिकटवले. आईची जागा मात्र तिला रिकामी सोडायची नव्हती. सेवाग्रामच्या दवाखान्यातून सामानासोबत परत आलेला आईचा चष्मा तिने मागून घेतला. काचेवर भुकटी फिरवून तिने ठसे उचलले आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, हे तं सारे तुमचेच आहेत. आईचा एकबी नाई."

तिला खरं ते सांगावं लागलं. रोज सकाळी मी तो चष्मा हातात घेत होतो, आणि काच धूसर दिसली की रुमालाने पुसून ठेवत होतो.