बेलपाड्याला निघालेली पेटी

माझी बदली पनवेलला झाली तेव्हा मेसमध्ये एकाने विचारलं, तिथे शत्रू कोण? मी म्हणालो, ऊन. ते मी थट्टेत म्हणालो होतो.

मी सैन्याच्या वैद्यकीय स्टोअर्सचा हवालदार. ब्रह्मदेशाच्या लढाईत मी क्विनीन, पट्ट्या आणि सलाईन पुढच्या तुकड्यांना पोचवत होतो. लोक अजूनही विचारतात, किती शत्रू मारले. मी सांगतो, डास सोडले तर एकही नाही. त्यानंतर लोक सहसा विषय बदलतात.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. खाडीकाठच्या गावांत देवीची साथ होती आणि सिव्हिलच्या मदतीला आमची आठ जणांची डिटॅचमेंट पनवेल बंदराजवळच्या एका भाताच्या गोदामात उतरली. कमांडर कॅप्टन सुळे, पेशाने डॉक्टर. ते ऑर्डर एकदाच देत आणि कौतुक कधीच करत नसत, त्यामुळे त्यांच्या हाताखाली काम करणं सोपं होतं. आमचा एकुलता एक ट्रक पुण्याच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सची वाट पाहत होता. मी असेपर्यंत तो परत आला नाही.

काम साधं होतं. मुंबईच्या डेपोतून आठवड्यातून एकदा लाँचने लस येई. जस्ताच्या मोठ्या पेटीत छोटी पेटी, दोन्हींच्या मध्ये बर्फ आणि लाकडाचा भुसा, आतल्या पेटीत काचेच्या बारीक नळ्या. ०५.३० ला हजेरी, ०६.४० ला लाँच, ०७.०० ला पनवेलच्या मासळीवाल्यांकडचा बर्फ घेऊन पेटी पुन्हा भरायची, मग होडीने गावोगाव. गरम झाली की लस मरते. दिसायला मात्र ती तशीच राहते, आणि या नोकरीत मला सगळ्यात जास्त भीती त्याच गोष्टीची वाटली.

होडी हिराजी तांडेलाची. वय पन्नाशीच्या आसपास, जातीने कोळी, अंगाने सुक्या बोंबलासारखा. आम्ही त्याला खेपेच्या बोलीवर लावला होता. पहिल्याच दिवशी त्याने आमची पेटी उघडून बघितली आणि हसला.

"हवालदार, यो बरफ पानी प्यायचा हाय का राखायचा?"

"का, तांडेल?"

"मीठ नाय टाकलाव. खडे मीठ मारा मूठभर. बरफाला राग येतो, मंग तो लवकर सोडीत नाय."

मॅन्युअलमध्ये मीठ नव्हतं. कॅप्टनसाहेबांनी थर्मामीटर लावला, तासभर बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी स्टँडिंग ऑर्डर बदलली. ऑर्डरमध्ये हिराजीचं नाव घालता आलं नाही. तसा रकाना नव्हता.

आम्ही सगळे टोचून घेतलेले होतो. सैन्यात हात पुढे करायला सांगतात, विचारत नाहीत. हिराजी सिव्हिलियन. त्याच्या दंडावर टोचल्याचा जुना वणही नव्हता. लहानपणी टोचणारा आला की आई त्याला तिवरांच्या झाडीत लपवायची, हे तो अभिमानाने सांगे.

"टोचला का हात आठ दीस सुजतो. मंग दोर कोन वढल, तुमचा कर्नल?"

कर्नलने दोर ओढल्याचं चित्र मला फार आवडलं. पण मी सोडलं नाही. शेवटी त्याने तोड काढली. प्रवाहात बांधून ठेवायची त्याची डोल जाळी खाडीत लागत ती उधाणाच्या पाण्यात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. मधल्या अष्टमीला पाण्याचा जोर ओसरतो, जाळी वर येतात, कोळी घरी बसतो. त्याला ते लोक भांग म्हणतात. "अष्टमीला भांग लागल," हिराजी म्हणाला. "त्या दिशी पेटी टाकून येतो नि हात तुमचा. उधान येस्तवर सूज उतरल. त्याच्या आदी नाय, त्याच्या मागून नाय."

मी अष्टमी कॅलेंडरवर पेन्सिलने गोल केली.

सप्तमीला दुपारी बेलपाड्याहून पोशा पाटील चालत आला. तो मिठागरावरचा मुकादम, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. मीठ कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

"सायेब, गावात देवी आली हाय. दोन घरात."

"मुलं किती? न टोचलेली?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"सव्वीस. त्यात माजी नात. बारशाची झाली नाय अजून."

कॅप्टनसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "संसर्ग झाल्यावर तीनचार दिवसांत टोचलं तर मूल वाचू शकतं. उद्याची पेटी सरळ बेलपाड्याला. मी पहाटे चालत पुढे होतो आणि घरं बघून ठेवतो. पेटी दहापर्यंत पोचव."

"येस सर."

पण त्याच दिवशीच्या डाकेने वरून एक पत्र आलं होतं. लोकांत विश्वास वाढावा म्हणून अष्टमीची पेटी एका मान्यवरांच्या हस्ते, शाळेच्या पटांगणात, समारंभपूर्वक ग्रामस्थांच्या स्वाधीन करावी. वेळ आठ. आठला दिली तरी दहाला पोचते, असा हिशेब मी केला. मान्यवर आठ वाजता येतात असं मी गृहीत धरलं. इतकी वर्षं नोकरी करून ही अवस्था.

अष्टमीला लाँच वेळेवर आली. ०७.१० ला पोस्टातून निरोप आला, डेपोचा ट्रंक कॉल आहे, हवालदारांनी स्वतः यावं. पुढच्या पेटीचं नक्की करायचं होतं आणि कॉल चुकला तर पुन्हा दिवसभर लाइन मिळत नसे. पेटी पटांगणातल्या टेबलावर नेऊन ठेवली होती, तिच्यावर मी शिपाई दगडू मोरेला उभं केलं. दगडू महाडचा, एकवीस वर्षांचा, सांगितलं तेवढं करणारा. आदल्या आठवड्यात कोणीतरी कुतूहलाने पेटी उघडून बघितली होती, म्हणून मी आवाज चढवून सांगितलं, "मी येईपर्यंत कोणालाही हात लावू द्यायचा नाही. कोणालाही."

"जी हवालदारसाहेब."

हिराजी बर्फ घेऊन आला की भरू, दहा मिनिटांत येतोच, असं मनात म्हणून मी निघालो. कुठे चाललो हे कोणालाच सांगितलं नाही.

पोस्टात लाइन मिळत होती आणि जात होती.

"हॅलो पनवेल. बोला."

"डेपो, पनवेल. पुढची पेटी कधी? ओव्हर."

"हा टेलिफोन आहे हो, ओव्हर काय म्हणता?"

मग खरखर. मग काही नाही. मी बाकावर बसून राहिलो. खिडकीतून खाडीचं पाणी दिसत होतं. ओहोटीत ते इतकं संथ होतं की वरून जाणारा बगळा आणि पाण्यातला बगळा यांतला खरा कोणता हे ठरवावं लागे. आज ती सकाळ आठवते ती अशीच, काचेमागची. सगळं दिसतंय आणि मी त्यात नाही.

लाइन ११.३० ला लागली. ११.४५ ला मी पटांगणात पोचलो.

मान्यवर नुकतेच आले होते आणि भाषण चालू होतं. त्यांचं नाव मी विसरलो. हार आठवतात. मंडप त्यांच्यावर होता. पेटी मंडपाबाहेर, सगळ्यांना दिसावी म्हणून, लाल कापड घातलेल्या टेबलावर उन्हात. तिलाही हार घातला होता, बहुधा हात न लावता. शेजारी दगडू रायफल घेऊन सावधान, चेहरा घामाने चकचकीत. टेबलाच्या पायाशी एक टोपली, तिच्यात ओलं गोणपाट, आणि जमिनीवर पाण्याचा मोठा ओला डाग. हिराजी उकिडवा बसून त्या डागाकडे बघत होता.

"तीन डाव आनला बरफ," तो मला म्हणाला. "तुमचा गडी हात लावू देईत नाय. गोदामात गेलो, तुमी नाय. मंडपातल्या पोऱ्यांना सांगला, बरफ घाला. ते बोलले, सरबताची सोय झाली हाय."

दगडूने मान न वळवता विचारलं, "हवालदारसाहेब, माझी चूक झाली का?"

"नाही. ऑर्डर माझी होती. विश्राम."

मी टाळ्यांच्या आवाजात पेटी उघडली. आतलं पाणी अंघोळीइतकं कोमट होतं. नळ्या जशाच्या तशा चमकत होत्या.

कॅप्टनसाहेबांना मी सायकलवरच्या निरोप्याबरोबर चिठ्ठी पाठवली. दीड वाजता उत्तर आलं, तीन शब्दांचं: "रद्द. नवीन आण." ती लस टोचली असती आणि ती मेलेली निघाली असती, तर सव्वीस पोरांची घरं निर्धास्त झोपली असती. साहेबांनी ते नको म्हटलं. बसने बर्फ आणायचा प्रयोग आधी एकदा झाला होता. पाणी आणि भुसा सुखरूप पोचले होते.

"तांडेल, मुंबईला येता?"

हिराजीने आकाशाकडे बघितलं, मग पाण्याकडे. "भांगाचा पानी. मेल्यासारा पडलाय. होडी हाकलावी लागल."

"आणि तुमचा हात?"

"पेटी पोचू द्या पैली."

१५.०० ला निघालो. तो प्रवास मला नीट सांगता येत नाही. फौजेत वेळ आणि ठिकाण सांगायची सवय लागते, पण त्या पाण्यावर दोन्ही सैल झाली होती. शीड लोंबत होतं. दोन्ही काठांना मिठागरं, चौकोनामागून चौकोन, त्यांत आभाळ कापून ठेवल्यासारखं. मिठाचे ढीग दुपारच्या झळीत जमिनीपासून हातभर वर तरंगत होते. कर्नाळ्याचा सुळका कधी मागे दिसे, कधी बाजूला, जणू तोच चालतोय आणि आम्ही थांबलोय. हिराजी वल्हं मारता मारता गुणगुणत होता. मी विचारलं, कसलं गाणं? तो म्हणाला, गाणं नाही, वल्ही मोजतोय, नाहीतर झोप लागेल. मला तेवढ्यात डुलकी लागली. जागा झालो तर माझ्या डोक्यावर त्याचं ओलं फडकं होतं, आणि घारापुरीच्या अंगाला ऊन उतरलं होतं.

नवमीला सकाळी भाऊच्या धक्क्याला लागलो. डेपोतल्या साहेबांनी रद्द पेटीचा अहवाल तीन प्रतींत मागितला आणि कारणाच्या रकान्यात "समारंभ" लिहिलेलं चालणार नाही म्हणाले. मी "ऊन" लिहिलं. त्यावर सही व्हायला दशमीची सकाळ झाली. एवढा वेळ हिराजी धक्क्यावर होडीत बसून राहिला. पेटी हातात आल्यावर त्याने स्वतः बर्फ फोडला, मीठ मारलं आणि वर आपलं घोंगडं टाकलं. दर दोन तासांनी तो हात घालून बघे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

एकादशीला ०७.५० ला बेलपाड्याच्या बांधाला लागलो. भरतीला आता जोर होता. होडीखाली पाणी बोलायला लागलं होतं. हिराजीने ते ऐकलं. मीही ऐकलं, पण मला त्याचा अर्थ कळला नाही.

कॅप्टनसाहेब वडाखाली टेबल मांडून बसले होते. आमचे खाकी कपडे बघून पोरं किंचाळत पळाली. शेवटी हिराजीच मांडी घालून बसला.

"ये रं बाला. मी पोलीस नाय, म्हावरेवाला हाय. तुजे आयेला इचार, माजा पापलेट कवा वास मारतो का?"

"मारतो!" मागून एक बाई म्हणाली. सगळे हसले. पहिलं पोर मांडीवर आलं.

सव्वीस पोरं त्याने एकेक करून मांडीवर घेतली. दोघांचं अंग गरम होतं. पोशा पाटलाच्या नातीला त्याने छातीशी धरलं, ती त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली. ११.२० ला काम संपलं. नळ्या उरल्या होत्या.

"तांडेल, हात," कॅप्टनसाहेब म्हणाले.

"आज नाय सायेब. उधान आला. परवा जाळी मारायचीत."

"हात पुढे कर."

"पुनव जाऊन दे. मंग दोनी हात घ्या."

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. सिव्हिलियनला ऑर्डर देता येत नाही. भांगाचे तीन दिवस त्याने पाण्यावर घालवले होते, आमच्यासाठी. त्याला आणखी एक उधाण बुडव म्हणायला माझी जीभ वळली नाही. वळायला हवी होती.

पौर्णिमेच्या उधाणाला त्याला चांगली मासळी मिळाली. पुढच्या भांगाला तो बंदरावर आला नाही. त्याच्या बायकोने निरोप पाठवला, अंग तापलंय.

आम्ही गेलो तेव्हा तो खाडीकाठच्या आपल्या झोपडीत केळीच्या पानावर पडला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. आवाज ओळखू आला.

"हवालदार, पोरांचे हात उठले का?"

"उठले, टोचल्या जागी फोड आले. एकाचा नव्हता उठला, त्याला परत टोचलं. आता त्याचाही उठला."

"पाटलाची नात?"

"दूध पितेय. फार रडते."

"मंग झाला," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी तो गेला. बेलपाड्यात आधीच्या दोन घरांपलीकडे देवी गेली नाही.

दगडू मोरे पुढे नाईक झाला आणि सुखरूप निवृत्त झाला. माझ्या नंतरच्या प्रत्येक पोस्टिंगवर मी एक नियम पाळला: पेटीला हात लावायच्या आधी दंडावरचा टोचल्याचा वण दाखवायचा, हमाल असो, गाडीवान असो, नाहीतर मान्यवर असोत. एका मान्यवरांना तो अपमान वाटला. मी त्यांना हिराजीबद्दल सांगितलं नाही. त्यांना ती गोष्ट भाषणात वापरायला आवडली असती.

आमच्या युनिटच्या स्मारकावर नंबर, हुद्दा आणि नाव असलेलेच लोक आहेत. वर्षातून एकदा ती नावं वाचतात, आम्ही सावधान उभे राहतो. म्हणून हे इथे लिहून ठेवतो. हिराजी तांडेल, पनवेल बंदर. नंबर नाही, हुद्दा नाही. पेटी पोचवली.