सुभेदारांच्या माडीवरचा नळ

“ओव्हरसियर, हा नळ आहे की शंख? नुसता फूं-फूं करतो!”

सुभेदारसाहेब माडीवरून गरजले. संस्थानच्या फौजेतून रिटायर झालेले, पण आवाज अजून परेडचा. गुरुवारी घरी मुलीचं लग्न, चूल माडीवर, आणि सकाळी नळाला थेंब नाही.

संस्थानं विलीन होऊन मध्य भारत राज्य नवं नवं झालं होतं. मी इंदूरच्या वॉटर वर्क्समध्ये टेंपररी ओव्हरसियर. इंजिनियरसाहेबांनी साफ सांगितलं, “गुरुवारी पाणी चढलं नाही, तर शुक्रवारी येऊ नकोस.”

दुपारी लाईनला गेज लावला. गेज म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ. दाब फुल! पाणी तीन मजले चढेल एवढा. पण सकाळी शेजाऱ्यांच्या माडीवर धो धो, आणि सुभेदारांकडेच ठणठणाट.

मग डोकं चाललं. दुपारी गल्लीतले नळ बंद असतात, पाणी उभं असतं. सकाळी ते पळतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीभर ओरडत फिरलो, “भिया, पाच मिनिट नल बंद करो!” अंघोळी खोळंबल्या, काकू-मावश्यांनी माझा उद्धार केला, पण नळ बंद केले. लगेच सुभेदारांच्या माडीवर जाडजूड धार! नळ उघडले, धार गायब.

आणि लख्ख आठवलं. अरे देवा, हे तर माझंच काम! मागे याच गल्लीतली सहा इंची लाईन फुटली, स्टोअरमध्ये तेवढा पाईप नव्हता, म्हणून मीच मधे तीन इंची तुकडा बसवला होता. अरुंद जागेतून तेवढंच पाणी जायचं तर त्याला चौपट पळावं लागतं. पळायचा जोर ते दाबातूनच काढतं. दाब घटला की पाणी वर चढत नाही. पुढे पाईप रुंद झाला की वेग उतरतो, दाब बराचसा परत येतो, म्हणून पुढच्या घरांना पाणी. आणि सुभेदारांचं कनेक्शन? मोठ्या माणसाला नवा चकचकीत पाईप बरा, म्हणून मी नेमकं त्या तुकड्यावरच दिलेलं!

“साहेब, कनेक्शन चार हात मागे, जुन्या पाईपवर घेऊ.”

“जुन्या? आमच्या घरी जुना पाईप?”

“महाराजांच्या वेळचा आहे, साहेब.”

मिशीवर हात गेला. “मग आधी का नाही बोललास? खोदो!”

गुरुवारी माडीवर पाणी चढलं. सुभेदार वरपक्षातल्या एकेकाला धरून नेत आणि नळ सोडून दाखवत, “महाराजांच्या वेळचा पाईप!” इंजिनियरसाहेब पंगतीत होते. मी जवळ जाऊन चूक कबूल केली.

जिलबी चावत ते म्हणाले, “सहा इंची पाईप आलाय स्टोअरमध्ये. शुक्रवारी ये, आणि आधी तो तुकडा काढ.”

पुढे रिटायर होईपर्यंत मी सकाळची तक्रार दुपारी तपासली नाही. आणि मोठ्या माणसाला खास पाईप तर कधीच दिला नाही.