आधी दाराला हात लाव

धुराचा वास कसा असतो माहितीये? दोनदा साबण लावा, केस धुवा, तरी संध्याकाळी कानामागून येतोच. आमच्या फायर ट्रेनिंगच्या गोष्टींचं तसंच झालंय. मी घरी जेवायला बसते, भात कालवते आणि एक सुटते. तिच्यामागून दुसरी. आई म्हणते, "आधी जेव, मग पेटव."

यातल्या बऱ्याच गोष्टी फिरून ओंकारवर येतात, म्हणून आधी तो सांगते. ओंकार संगमेश्वरकडचा. अंगाने दांडगा, मनाने लोणी आणि पायांना ब्रेक नाही. मागच्या बॅचला शेवटच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाला, कारण धुराने भरलेल्या कंटेनरचं दार त्याने लाथ मारून उघडलं. पुढच्या वर्षी त्याचं भरतीचं वय निघून जाणार. म्हणजे ही बॅच शेवटचा चान्स. हे त्याला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं आणि आमचे इन्स्ट्रक्टर मोरे सर, त्यांना तर होतंच.

*

मोरे सरांचा आवाज इतका हळू की मागच्या बाकावरचे आपोआप पुढे येऊन बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आग लागायला काय काय लागतं?"

ओंकार उभाच राहिला. "शॉर्टसर्किट."

"आणि लाइट गेलेली असेल तर?"

"मग नाही लागत सर. आमच्याकडे लाइट नसतेच, त्यामुळे तसा त्रास नाही."

सर हसले नाहीत. बोर्डावर त्रिकोण काढला. जळणारा माल, उष्णता, हवेतला ऑक्सिजन. "यातलं एक काढून घ्या, आग गेली. तुमची नोकरी एवढीच."

मग त्यांनी मेणबत्ती पेटवली, फुंकली आणि वर जाणाऱ्या धुराच्या रेषेला वरच पेटती काडी लावली. वातीला काडी लागलीच नाही! ज्योत धुरावरून सर्रकन खाली उतरली आणि मेणबत्ती पुन्हा पेटली. आम्ही येड्यासारखे बघत राहिलो.

"धूर म्हणजे संपलेली आग नाही," सर म्हणाले. "न जळलेला माल आहे तो. हवेची वाट बघत बसलेला."

ओंकारला हे इतकं आवडलं की दुपारभर तेच करत बसला आणि होस्टेलच्या सगळ्या मेणबत्त्या संपवल्या. संध्याकाळी लाइट गेली. पोरं अंधारात बसली.

"चला," कोणीतरी म्हणालं, "आग लागायचा तरी त्रास नाही."

*

मग तेलाचा धडा झाला. पेटत्या तेलावर पाणी मारायचं नाही. पाणी तळाशी जातं, त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल घेऊन वर उडते. सरांनी मैदानात लांब दांड्याने करून दाखवलं. जाळ माडाएवढा गेला. उपाय काय, तर झाकण ठेवा. हवा तोडा.

धडा संपवून आम्ही मेसमध्ये आलो. मेसच्या मावशींनी कढईत मोहरी टाकली, चर्र झालं, कडेने जरासा जाळ उठला.

"हवा तोडा!" ओंकार.

एकाने ताट मारलं, एकाने कुकरचं झाकण, मी परात आणली. सगळ्यांत वर ओंकारने पोळपाट ठेवला आणि छाती पुढे काढून उभा राहिला.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मेल्यांनो, फोडणी हाय ती. वांग्यांची."

तेवढ्यात सर आले. त्यांनी ढिगाऱ्याकडे बघितलं, मग वाकून कढईखाली बघितलं.

"हवा तोडलीत. छान. गॅस कोण बंद करणार?"

*

ही माझी आहे, म्हणून पटकन सांगते.

धूर तापलेला असतो म्हणून छताला जाऊन बसतो. जमिनीलगत त्यातल्या त्यात थंड आणि स्वच्छ हवा. म्हणून रांगायचं, हाताने चाचपत जायचं, जखमी माणूस सापडला की ओढून बाहेर आणायचं. आणखी एक सांगितलेलं, जखमी माणूस घाबरून काहीही बोलतो, लक्ष द्यायचं नाही.

मी कंटेनरमध्ये शिरले. डोळ्यापुढे बोट दिसेना. कोपऱ्यात बूट लागला. पाय. धरला आणि ओढायला लागले.

"अगं, मी सर आहे," जखमी म्हणाला.

"हो काका, घाबरू नका."

"मी निरीक्षणाला बसलोय!"

"बाहेर गेल्यावर बोला."

पार मैदानापर्यंत आणलं. सरावासाठी ठेवलेला डमी आत तसाच. सरांनी उठून पँट झटकली. "डमी गेला बिचारा," ते म्हणाले, "पण पकड चांगली आहे."

*

एकदा सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या माळावरच्या वणव्यांचा विषय निघाला. सरांनी चढाची रेघ काढली. आग चढाला पळते, कारण तिची धग पुढे जाऊन वरचं गवत आधीच तापवून ठेवते.

ओंकारने हात वर केला. पहिल्यांदाच, न ओरडता.

"म्हणून आमचे बापूकाका शेतात पालापाचोळा पसरून राब भाजताना वरच्या अंगाने पेटवतात. वाऱ्याच्या उलट. मग आग रांगत रांगत खाली येते."

"आणि तू काय करतोस?"

"ओला टहाळा घेऊन उभा राहतो. कुठे सुटलीच तर मारायला."

"धावत नाहीस?"

"काका फोडतील सर."

सरांनी खडू खाली ठेवला. "मग दाराकडे का धावतोस?"

"तिथे काका नसतात."

सगळे हसले. सर नाही हसले. त्यांनी पुन्हा एकदा, हळू आवाजात समजावलं. बंद खोलीतली आग हवा संपवते आणि दबून बसते. धूर तापलेला, माल तयार, फक्त हवा कमी. तुम्ही दार उघडलंत की ती हवा तुम्हीच देता. मग आग दारातून तुमच्या अंगावर येते. म्हणून आधी बसायचं. हाताची मागची बाजू दाराला लावायची, खालून वर. मागची का, तर भाजलं तरी तळवा कामाला राहतो.

"मागच्या वेळी ती खऱ्या घरातली आग असती, तर तू आज वर्गात नसतास," सर ओंकारला म्हणाले. "काकांना नेऊन उभं कर त्या दाराशी."

*

त्यानंतर ओंकारला दारांचं वेडच लागलं. फ्रीज, एसटी, वर्ग, मेस, दिसेल त्या दाराशी बसायचा आणि उलटा हात लावायचा. एकदा बाथरूमचं दार. कडी मोडलेली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"थंड आहे," असं म्हणून ओंकारने दार उघडलं.

आत कोण होतं ते मी सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः सुतार बोलावला.

*

शेवटचं प्रॅक्टिकल. कंटेनरमध्ये पेंढा आणि फळ्या पेटवलेल्या, दार बंद. आम्ही सगळे भराभर करून आलो. ओंकारची पाळी आली. तो सुटला तो नेहमीसारखाच.

दाराशी जाऊन तो बसला.

ग्लोव्ह काढला. खाली हात लावला, मधे लावला, वर नेला आणि झटकन मागे घेतला. दारावर पाणी मारलं, वरच्या भागातून लगेच वाफ निघाली. तरी उघडेना. "उघड ना रे," मी दात खाऊन म्हणत होते. त्याने बाजूला सरकून वीतभर फट केली, आत छताकडच्या तापलेल्या धुरावर पाण्याचा फवारा मारला, दार लावलं. थांबला. पुन्हा तेच. मग आत गेला.

डमी घेऊन बाहेर आला तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ त्याचाच झाला होता. सर ऑफिसकडे निघून गेले.

"उशीर झाला ना?" ओंकारने मला विचारलं.

"झाला."

"काका थांब म्हणत होते गं."

निकाल सर एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगत होते. ओंकारला शेवटी हाक आली. आम्ही सगळे पॅसेजमध्ये. तो गेला, दाराशी थांबला. दाराच्या वरच्या काचेतून आत बसलेल्या सरांना त्याचं डोकं दिसत असणार, आणि मग ते दिसेनासं झालं असणार, कारण ओंकार खाली बसला. उलटा हात दाराला लावला. खालून हळूहळू वर नेला.

आतून सरांचा आवाज आला, नेहमीसारखा, हळू.

"थंड आहे रे. ये आत."